दंड कुठे, बक्षीस कुठे: सार्वजनिक वागणुकीचे नियम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शहरांचे, रस्त्यांचे आणि सार्वजनिक जागांचे नियम ठरवणारे सर्व लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि समित्यांचे सदस्य यांस,

सनविवि.

लोक नियम पाळत नाहीत अशी ओरड झाली की तुमच्या बैठकीत दोन सूर निघतात. एक म्हणतो, दंड वाढवा, त्याशिवाय कोणी ऐकणार नाही. दुसरा म्हणतो, किती दिवस दटावणार, चांगलं वागणाऱ्यांना बक्षिसं द्या. मग कधी याचा विजय होतो, कधी त्याचा. बहुतेक वेळा मधला मार्ग म्हणून थोडा दंड वाढतो आणि एखादी स्पर्धा जाहीर होते. वर्षभराने पुन्हा तीच ओरड, तीच बैठक.

माझी विनंती अशी की दंड की बक्षीस हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी ठरवा, ज्या वागण्याबद्दल आपण बोलतोय ते माणसाचं कर्तव्य आहे की त्याचा चांगुलपणा. लाल दिव्याला थांबणं, कचरा रस्त्यावर न टाकणं, रुग्णवाहिकेला वाट देणं ही कर्तव्यं आहेत. ती केली नाहीत तर दुसऱ्या कोणाला तरी इजा होते. रक्त देणं, अपघातात सापडलेल्या अनोळखी माणसाला दवाखान्यात पोचवणं, सुट्टीच्या दिवशी तळं साफ करायला जाणं हा चांगुलपणा आहे. कर्तव्यासाठी दंड असावा, छोटा पण हमखास. चांगुलपणासाठी सन्मान असावा आणि त्या माणसाच्या वाटेतले काटे काढून टाकावेत. यांची अदलाबदल झाली की दोन्ही बिघडतात, आणि मी पाहिलेल्या बहुतेक योजनांमध्ये ती अदलाबदल झालेली होती.

मी बरीच वर्षं एका कार्यालयात दंड भरून घेण्याच्या खिडकीमागे बसत होते. नियम करणाऱ्या खोलीत काय बोललं जातं ते मला ठाऊक नाही, पण नियमाची पावती फाडली जाते तेव्हा समोरचा माणूस काय बोलतो ते मी रोज ऐकलं आहे. खिडकीशी येणाऱ्यांचे दोन प्रकार होते. एक विचारायचा, ‘मॅडम, कशाबद्दल आहे हे?’ दुसरा पाकीट उघडतच यायचा आणि म्हणायचा, ‘किती झाले?’ पहिल्याच्या आवाजात राग असायचा, कधी लाज असायची. दुसऱ्याच्या आवाजात काहीच नसायचं. वीजबिल भरल्यासारखा तो पैसे भरायचा, पावती घडी करून खिशात टाकायचा आणि निघून जायचा. कालांतराने तोच पुन्हा यायचा. दंडाने काम केलं की नाही, हे मला या दोन प्रश्नांवरून कळायचं.

याच गोष्टीवरचा एक प्रयोग तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांत तो झाला. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. काही पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे आणि एखाद्या शिक्षिकेला थांबून राहावं लागायचं. पहिले चार आठवडे नुसती नोंद ठेवली. पाचव्या आठवड्यापासून सहा पाळणाघरांनी दहा मिनिटांहून अधिक उशिराला १० शेकेल दंड लावला. उशिरा येणारे कमी व्हायला हवे होते. ते वाढत गेले आणि पूर्वीच्या दुपटीच्या आसपास पोचले. सतराव्या आठवड्यापासून दंड रद्द केला, तरी उशीर काही पूर्वीच्या पातळीवर आला नाही.

जरा त्या पालकाच्या जागी उभं राहून बघा. दंड नव्हता तेव्हा उशीर झाला की त्याला वाटायचं, बाई आपल्यासाठी ताटकळल्या आहेत, त्यांनाही घर आहे. तो धावत यायचा, माफी मागायचा. दंड लागला आणि त्या थांबण्याला भाव ठरला, तोही परवडणारा. आता तो धावत कशाला येईल? बाई थांबल्या, आपण पैसे भरले, हिशेब मिटला. त्याची भीड चेपली. एकदा भीड चेपली की दंड काढून घेतला तरी ती परत येत नाही, आणि या प्रयोगातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट तीच आहे. म्हणून लोक आपण होऊन लाजेकाजेने पाळत असलेल्या नियमाला घाईघाईने दंडाचं लेबल लावू नका. जे होतं तेही हातचं जाईल.

यावरून दंड वाईटच, असं मात्र कोणी समजू नये. आयर्लंडमध्ये मार्च २००२ मध्ये दुकानातल्या प्लॅस्टिक पिशवीवर १५ सेंटचा कर लावला. रक्कम किरकोळ, कोणालाही सहज परवडेल अशी. हैफासारखंच इथेही व्हायला हवं होतं. पण तिथल्या सरकारी आकड्यांनुसार माणशी वर्षाला ३२८ पिशव्यांचा वापर होता, तो २१ वर आला.

दोन्हीकडे रक्कम छोटीच, मग इतका फरक कसा पडला? पाळणाघराचा दंड महिन्याच्या बिलात गुपचूप मिळवला जायचा. आयर्लंडमध्ये प्रत्येक खरेदीला, प्रत्येकाला, गल्ल्यासमोर उभं असताना ठरवावं लागायचं की पिशवी घ्यायची की नाही. पावतीवर तिची वेगळी नोंद असायची. दुकानदाराने तो कर स्वतःच्या खिशातून भरून टाकायला मनाई होती. कोणाला सूट नव्हती, नशिबाने सुटण्याची सोय नव्हती. जमा झालेला पैसा पर्यावरणासाठीच्या निधीत जाणार हे सगळ्यांना आधीपासून सांगितलं होतं. त्यामुळे त्या १५ सेंटांचा अर्थ ‘पिशवीची किंमत’ एवढाच राहिला नाही. सगळ्यांनी मिळून ही पिशवी नको म्हटलं आहे, असा निरोप त्यातून जात होता. तुमच्या नियमातून कोणता निरोप जातो, ते रकमेइतकंच, किंबहुना अधिक बारकाईने तपासा.

आणि ज्यांना वाटतं की पिशवी घेणाऱ्याला दंड करण्यापेक्षा घरून पिशवी आणणाऱ्याला तेवढेच पैसे द्यावेत, त्यांच्यासाठीही उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या परिसरात दोन्ही झालं. काही दुकानं स्वतःची पिशवी आणणाऱ्याला ५ सेंट परत देत होती. पुढे पिशवी घेणाऱ्यावर ५ सेंटचा कर आला. तातियाना होमोनॉफ या संशोधिकेने दोन्हींची तुलना केली. कर लागल्यावर पिशव्या वापरणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्केबिंदूंहून अधिक घसरलं. बक्षिसाचा परिणाम जवळपास शून्य होता. रक्कम तीच, दिशा फक्त वेगळी. खिशातून गेलेला पैसा माणसाला तेवढ्याच मिळालेल्या पैशापेक्षा जास्त टोचतो, हे डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालीच मांडलं होतं. बक्षिसांच्या उत्साही समर्थकांनी हे लक्षात घ्यावं. कर्तव्याच्या बाबतीत ‘प्रेमाने सांगू’ हे ऐकायला चांगलं वाटतं, पण प्रत्यक्षात त्याने फारसं हलत नाही.

आता दंड वाढवा म्हणणाऱ्यांकडे वळते, कारण बैठकीत जास्त वेळा त्यांचीच सरशी होते.

शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती किती खात्रीने होते याने माणूस आवरतो, हे इटलीच्या चेझारे बेक्कारिया या विचारवंताने १७६४ मध्ये लिहून ठेवलं. इतकी वर्षं झाली, तरी रक्कम वाढवण्याचा मोह काही सुटत नाही. मला याचं कारण साधं वाटतं. रक्कम वाढवायला एक कागद आणि एक सही पुरते. खात्री वाढवायला माणसं लागतात, यंत्रणा लागते, रोजचं काम लागतं.

न्यूयॉर्कमधलं उदाहरण पाहा. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या निमित्ताने जगभरातले राजनैतिक अधिकारी राहतात. त्यांना कायद्याचं संरक्षण असल्यामुळे गाडी कुठेही लावली तरी दंड वसूल करता यायचा नाही. १९९७ ते २००२ या काळात दीड लाखाहून अधिक पावत्या थकल्या. त्यांची एकूण रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरहून जास्त होती. २००२ च्या अखेरीस शहराला अशा गाड्यांच्या खास नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार मिळाला आणि हे प्रकार जवळजवळ थांबले. रेमंड फिस्मन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी या नोंदी तपासल्या तेव्हा घट सुमारे ९८ टक्के निघाली. माणसं त्याच वर्गातली, रस्ते तेच. कागदावरचा दंड खरा झाला एवढाच काय तो बदल.

त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट आहे, तीही सांगायला हवी. नॉर्वे, स्वीडन यांसारख्या काही देशांच्या अधिकाऱ्यांच्या नावावर दंड बुडवण्याची पूर्ण मुभा असतानाही थकलेल्या पावत्या नव्हत्या. म्हणजे दंडाची भीती नसतानाही नियम पाळणारी माणसं असतात. तुमच्या शहरातही ती आहेत, आणि तुमच्या कल्पनेपेक्षा जास्त आहेत. नियम करताना नजरेसमोर फक्त मोडणारा असतो. पाळणारा नियमाकडे कसं बघेल, त्याला त्यातून काय कळेल, हे कोणी विचारत नाही. शेजारचा रोज मोडतोय आणि त्याला काहीच होत नाही, हे पाहून पाळणारा एक दिवस खचतो. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो म्हणतात ते अशा वेळी खरं होतं. दंड हमखास असावा असं मी म्हणते ते मोडणाऱ्याला धडा शिकवण्यासाठी कमी आणि पाळणाऱ्याचा विश्वास टिकवण्यासाठी जास्त.

खिडकीशी येणाऱ्या किती जणांच्या हातात चार-सहा महिन्यांपूर्वीच्या तारखेची नोटीस असायची. मोबाइलवर आलेला फोटो, त्यात गाडीचा मागचा भाग, नंबर, वेळ, रक्कम. माणूस तो फोटो मोठा करून करून बघायचा. ‘त्या दिवशी मी कुठे होतो?’ असं स्वतःलाच विचारायचा. कोणी घरी फोन लावायचा, गाडी मुलाकडे होती का म्हणून. चूक कोणती, ती कुठे घडली, तेव्हा मनात काय होतं, यातलं त्याला काही आठवत नसायचं. इतक्या उशिरा आलेला दंड चुकीला चिकटत नाही. तो नशिबावर येऊन पडलेला खर्च ठरतो आणि त्याचा राग सरकारवर निघतो. त्या रागाला मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

रक्कम फार वाढवली की आणखी एक गोष्ट होते, ती तुमच्या टिपणीत कधी येत नाही. दंड करणाऱ्या कर्मचाऱ्याचा हात थबकतो. समोरच्याची महिन्याची कमाई त्याला दिसते आणि तो सोडून देतो. किंवा मग ‘काहीतरी बघा ना साहेब, मिटवून टाका’ सुरू होतं, आणि दंड जितका मोठा तितकी मिटवण्याची रक्कम मोठी. दोन्हीकडून खात्री घटते. पाचशेची पावती रोज फाटत असेल ती दहा हजारांची केली की महिन्यातून एखादीच फाटते, आणि ती बहुधा ज्याच्या मागे कोणी नाही अशाच्या नावाने.

गरीब-श्रीमंताचा मुद्दाही यातच आला. एकच रक्कम एकाला नियम मोडण्याचं भाडं वाटते आणि दुसऱ्याच्या घरची चूल बंद करते. फिनलंडने १९२१ पासून यावर एक तोडगा काढला आहे. गंभीर चुकांचा दंड रकमेत ठरत नाही, दिवसांत ठरतो, आणि एका दिवसाची किंमत त्या माणसाच्या उत्पन्नावरून काढतात. वेगाने गाडी चालवणाऱ्या श्रीमंताला तिथे डोळे पांढरे करणारी रक्कम भरावी लागते. उत्पन्नाची विश्वासार्ह नोंद नसेल तिथे हे करणं कठीण आहे, हे मला मान्य आहे. पण निदान रकमेऐवजी वेळ मागता येईल. सिंगापूरमध्ये १९९२ पासून कचरा टाकणाऱ्यांना सार्वजनिक जागा झाडायला लावण्याची शिक्षा देता येते. वेळ सगळ्यांकडे सारखा असतो, म्हणून मला ही कल्पना पटते. फक्त तिथे भडक रंगाचं जाकीट घालून लोकांसमोर झाडायला लावतात, ते मला पटत नाही. काम करून घ्या, तमाशा करू नका. चौकातल्या फलकावर चुकणाऱ्यांचे फोटो लावण्याच्या योजनांबद्दलही माझं हेच मत आहे. ज्याची चारचौघांत लाज काढली त्याच्याकडे राखण्यासारखी लाज उरत नाही. आणि फोटो चुकीच्या माणसाचा लागला तर तो डाग पुसण्याची सोय तुमच्या कोणत्याही नियमात नसते.

मग बक्षिसांचं काय? कर्तव्याला बक्षीस देण्याच्या विरोधात मी का आहे, ते सांगते.

एक, बक्षीस ज्या गोष्टीला मिळतं ती गोष्ट लोक पुरवतात, आणि तुम्हाला हवी असलेली गोष्ट वेगळीच असू शकते. १९०२ मध्ये व्हिएतनाममधल्या हनोई शहरात फ्रेंच राजवटीने उंदीर मारण्यासाठी इनाम ठेवलं. पुरावा म्हणून शेपटी आणून द्यायची. शेपट्यांचा ढीग लागला आणि शहरात शेपूट तुटलेले जिवंत उंदीर फिरताना दिसू लागले. लोक शेपूट कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे त्याला पिल्लं होतील. काही ठिकाणी तर उंदीर पाळल्याचंही आढळलं. योजना बंद करावी लागली.

दुसरं, बक्षिसाचा दिवस उलटला की पुढे काय? आपल्याकडे निर्मल ग्राम पुरस्कारात गाव हागणदारीमुक्त झालं की ग्रामपंचायतीला मोठी रक्कम मिळायची. पुरस्कारासाठी गावं झटून कामाला लागली, हे मोलाचं होतं. पण नंतरच्या पाहण्यांमध्ये पुरस्कार मिळालेल्या कितीतरी गावांत लोक पुन्हा उघड्यावर जाताना आढळले. तपासणीचा दिवस हीच शेवटची रेषा ठरली होती. त्यानंतर दरवर्षी जाऊन पाहणं, बिघडलेलं दुरुस्त करणं, याला ना बक्षीस होतं ना दंड.

स्टॉकहोमचा प्रयोग यावर मला हमखास ऐकवला जातो. २०१० मध्ये तिथल्या एका रस्त्यावर वेग मोजणारा कॅमेरा बसवला. मर्यादेत गाडी चालवणाऱ्यांची नावं सोडतीत टाकली आणि वेगाने जाणाऱ्यांच्या दंडातून विजेत्याला बक्षीस दिलं. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरवरून २५ वर आला. कल्पना छान आहे, आणि दंडाचा पैसा पाळणाऱ्यांकडे जातो हे न्याय्यही वाटतं. पण तो काही दिवसांचा प्रयोग होता. तो कॅमेरा प्रत्येक गाडी टिपत होता, हेही विसरू नका. सोडत बाजूला ठेवली तरी हमखास नजर तिथे होतीच. तीच खात्री रोजच्या रस्त्यावर कायमची ठेवता आली, तर सोडतीची गरज किती उरते ते तपासून पाहा.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त छळतं. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं मोकळ्या वेळेत इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र तशीच होती. त्यामुळे चांगलं वागा आणि हे घ्या, असं आधी जाहीर करताना दहा वेळा विचार करा. चांगलं वागलेल्याचं नंतर मनापासून कौतुक करायला मात्र अजिबात हात आखडता घेऊ नका.

इथून आपण चांगुलपणाकडे येतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये विद्यार्थ्यांना रक्तदाते होण्यासाठीच्या तपासणीला बोलावलं. काहींना फुकट यायला सांगितलं, काहींना ५० क्रोनर देऊ केले, आणि काहींना सांगितलं की हे पैसे हवे तर घ्या, हवे तर धर्मादाय संस्थेला द्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फुकट बोलावलेल्या मुलींपैकी ५२ टक्के तयार झाल्या, पैसे देऊ केलेल्यांपैकी ३० टक्के, आणि दान देण्याची मुभा असलेल्यांपैकी ५३ टक्के. मुलांमध्ये असा ठळक फरक दिसला नाही. पुढे प्रत्यक्ष शिबिरांतल्या अनेक पाहण्यांमध्ये छोट्या भेटवस्तूंनी रक्तदाते वाढल्याचंही दिसलं आहे, तेव्हा भेट दिली की चांगुलपणा मरतोच, असा नियम कोणी करू नये. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की देणाऱ्याला आपण विकत घेतले गेलो असं वाटता कामा नये. भेट आभारासारखी असावी, मजुरीसारखी नको.

अपघातात मदत करणाऱ्यांच्या बाबतीत तर बक्षिसाच्याही आधी दुसरी गोष्ट यायला हवी. माणसं मदतीला का थांबत नाहीत? निर्दयी असतात म्हणून नव्हे. पोलीस चौकशी करतील, दवाखाना पैसे मागेल, कोर्टात खेटे घालावे लागतील, ही भीती असते. हजार रुपयांचं नाही तर लाखाचं बक्षीस ठेवा, ही भीती आहे तोवर गाडी पुढे निघून जाईल. फ्रान्ससारख्या देशात संकटातल्या माणसाला शक्य असून मदत न करणं हा गुन्हाच आहे. एखाद्या समाजाने मदतीला कर्तव्याच्या बाजूला नेऊन बसवायचं ठरवलं, तर त्याला माझा विरोध नाही. पण मदत करणाऱ्याला त्रास होणार नाही याची हमी आधी द्या, मग त्याच्याकडून कर्तव्य मागा.

कर्तव्य आणि चांगुलपणा यांच्या मधोमध काही गोष्टी असतात. पटलेल्या असतात, पण आज नको, उद्या करू, यात राहून जातात. लसीकरण हे त्यातलं मोठं उदाहरण. राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्तर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत वेगळं काही केलं नव्हतं तिथे सगळ्या लसी पूर्ण झालेली मुलं ६ टक्के होती. नियमित, भरवशाची शिबिरं भरली तिथे १८ टक्के. शिबिराबरोबर दर लसीला किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर थाळ्या दिल्या तिथे ३९ टक्के. इथे बक्षीस शोभून दिसतं, कारण आई-बापांचा लशीला विरोध नव्हता, दिवसाची मजुरी बुडत होती. छोट्या भेटीने तो तोल सांभाळला. आणि नुसत्या भरवशाच्या शिबिरानेच आकडा तिप्पट झाला, हे नजरेआड करू नका.

कारण पुष्कळदा दंडही नको असतो आणि बक्षीसही. कचराकुंडी नाही तिथे कचऱ्याचा दंड, स्वच्छतागृह नाही तिथे उघड्यावर बसल्याचा दंड, पदपथावर दुकानं मांडलेली आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला दंड, हे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खिडकीशी असा माणूस आला की मला मान वर करून त्याच्याशी बोलता यायचं नाही. नियम पाळणं शक्य नसताना केलेला दंड हा अन्याय आहे, दुसरा सौम्य शब्द मला सुचत नाही.

पैसा न घेता-देताही माणसं बदलतात, हे दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाची राजधानी असलेल्या बोगोटा शहराने दाखवलं आहे. आंतानास मोकुस १९९५ मध्ये तिथे महापौर झाले. त्यांनी चौकाचौकात मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले. झेब्रा पट्ट्यावर गाडी आणणाऱ्याला ते हातवारे करून चूक दाखवायचे. शहरात साडेतीन लाख कार्डं वाटली. एका बाजूला वर केलेला अंगठा, दुसऱ्या बाजूला खाली केलेला. कोणी वाट दिली की त्याला वरचा अंगठा दाखवायचा, घुसला की खालचा. लोक एकमेकांना सांगू लागले. पोलिसाची नजर चुकवता येते, रस्त्यावरच्या सगळ्यांची कशी चुकवणार? त्यात कोणाचं नाव छापलं जात नव्हतं, कोणाचा फोटो लागत नव्हता. चूक दाखवली आणि विषय तिथेच संपला. म्हणून मला ते चौकातल्या फलकापेक्षा फार वेगळं वाटतं.

दंडाचा पैसा हाही कळीचा मुद्दा आहे. वसुलीचं उद्दिष्ट ठरवून दिलं की कर्मचारी वळणाच्या आडोशाला जाऊन उभा राहतो, कारण चूक टळण्यात त्याचा तोटा असतो. मी आकड्यांचे तक्ते भरले आहेत. या महिन्यात वसुली कमी का, असा प्रश्न वरून यायचा. लोक नियम पाळायला लागले असतील, हे उत्तर कोणी स्वीकारायचं नाही. दंडाचा पैसा तिजोरीत मिसळू देऊ नका. सिग्नल तोडल्याचा पैसा त्याच चौकाच्या दिव्यांना आणि पट्ट्यांना, कचऱ्याचा पैसा त्याच वस्तीच्या कुंड्यांना लावा, आणि तिथे पाटी लावून हिशेब सांगा.

तुमच्यापुढे यानंतर दंड वाढवण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यासोबत तीन आकडे मागवा. नियम मोडल्याच्या घटनांपैकी अंदाजे किती पकडल्या जातात, चूक घडल्यापासून दंड हातात पडेपर्यंत किती दिवस जातात, आणि नियम पाळण्यासाठी लागणारी सोय किती ठिकाणी आहे. बक्षिसाचा प्रस्ताव असेल तर बक्षीस बंद झाल्यावर वर्षभराने कोण जाऊन पाहणार आहे, त्याचं नाव आणि पद विचारा. ही उत्तरं कागदावर नसतील तर प्रस्ताव परत पाठवा, आणि परत का पाठवला ते आम्हालाही कळवा.

आपली,
एक नागरिक